दहाव्या मजल्यावरचे आठ पायलट

दिल्लीजवळच्या इंदिरापुरममध्ये २००६ साली इमारती इतक्या झपाट्याने वर जात होत्या, की वृंदा देवस्थळीने जानेवारीत केलेला नकाशा मार्चमध्ये कुचकामी व्हायचा. ती एका मोबाइल कंपनीत इंजिनियर होती. फोन कुठे नीट लागत नाही आणि का, हे शोधून दुरुस्त करणं हे तिचं काम. नोकरी लावून दिली होती पद्माकर वागळ्यांनी. ते तिचे साहेब आणि वडिलांचे वीस वर्षांचे स्नेही. म्हणून ऑफिसात ‘सर’ आणि गाझियाबादच्या घरी ‘काका’.

गंगोत्री टॉवर्स नावाच्या सोसायटीतून चौथ्यांदा तक्रार आली, तेव्हा वृंदा स्वतः गेली. दहाव्या मजल्यावर सरला दातार एकट्या राहत. निवृत्त शिक्षिका, मुलगा अंशुमन बंगलोरला.

“हे बघ, पाचच्या पाच दांड्या,” त्यांनी फोन पुढे केला. “पण अंशुमनशी बोलायला लागलं की दीड मिनिटात सगळं गप्प. तुमचा कॉल सेंटरवाला म्हणतो, मॅडम, सिग्नल तो फुल है. मग मी काय खोटं बोलते?”

“नाही काकू. तोही खरं बोलतोय आणि तुम्हीही.”

वृंदाने चाचणीचा फोन लॅपटॉपला जोडला आणि सगळ्या खोल्यांतून फिरून आली. प्रत्येक टॉवर आपली ओळख सांगणारा एक सिग्नल अखंड सोडत असतो. त्याला पायलट म्हणतात. फोन तो ऐकतो आणि कोणत्या टॉवरला धरायचं ते ठरवतो. खाली रस्त्यावर इमारतींच्या आडोशाने एकदोनच पायलट ऐकू येत. इथे वर आडोसाच नव्हता. तब्बल आठ पायलट, सगळे सारख्याच जोराचे, एकमेकांत मिसळलेले. फोन बिचारा याला सोड, त्याला धर करत शेवटी सगळ्यांनाच सोडून देत होता.

उपाय सोपा होता. लांबच्या पाच टॉवरांचे अँटेना चार-पाच अंश खाली झुकवायचे, सहाव्याची पॉवर कमी करायची. नवं काहीच लागणार नव्हतं. वृंदाने नकाशावर लाल ठिपके देऊन तसा अहवाल लिहिला आणि वागळ्यांकडे दिला.

आठवडाभर काही हललं नाही. मग एक दिवस प्रिंटरवर तिला आपलाच नकाशा सापडला. ठिपके तेच होते. ‘पायलटची गर्दी’ हा मथळा मात्र गेला होता, आणि त्या जागी होतं: ‘सिग्नल पोहोचत नाही. गंगोत्री टॉवर्सच्या गच्चीवर नवा टॉवर हवा.’ खाली सर्वेक्षण करणारी म्हणून तिचं नाव.

ती तो कागद घेऊन केबिनमध्ये गेली. वागळे समोसा खात होते.

“सर, नकाशा माझा आहे, मथळा माझा नाही.”

“मथळा समोरचा माणूस बघून द्यावा लागतो, वृंदा.”

“तिथे आधीच आठ आहेत. नवव्याने आणखी बिघडेल.”

“ते मला कळत नाही असं वाटतं तुला?” त्यांनी चटणीचा अंगठा नकाशावर टेकवला. “मुंबईच्या मुख्य ऑफिसला वर्षअखेर शंभर नवे टॉवर दाखवायचेत. झुकवलेला अँटेना कुणाला दाखवू? तो दिसतो का?”

“आणि दातारकाकू?”

“त्यांना नवा हँडसेट दे. खूश होतील.” त्यांनी अंगठा चाटला. “तू मला मुलीसारखी, म्हणून सांगतो. हुशारी अशी सगळ्यांसमोर काढायची नसते.”

त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल, असं वृंदा कागद हातात घेऊन येताना समजत होती. गैरसमज अजिबात नव्हता. त्या मायेच्या सुराचीच तिला किळस आली. बाहेर येऊन तिने दोनदा हात धुतले, आणि मग आपण हात का धुतले याचंच तिला नवल वाटलं.

अँटेनाच्या किरकोळ कामांचे कागद तिच्याच सहीने निघत. सोमवारी वागळे मुंबईला गेले, तेव्हा तिने टॉवरवर चढून काम करणाऱ्या जयपाल नावाच्या जुन्या रिगरला घेतलं आणि दिवसभरात पाचही टॉवरचे अँटेना झुकवून घेतले. सहाव्याची पॉवर कमी केली. संध्याकाळी दातारकाकू अंशुमनशी एकोणीस मिनिटं बोलल्या आणि मग तिला फोन करून तेवढंच सांगितलं: “एकोणीस.”

त्याच दिवशी तिने दोन्ही नकाशे मुंबईच्या मुख्य ऑफिसला पाठवले, आधीचा आणि नंतरचा. दोन दिवसांनी उत्तर आलं: आभार, कृपया श्री. वागळे यांच्याशी समन्वय साधावा. पत्राची प्रत वागळ्यांना होती.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिची सुधारणा आपल्या प्रस्तावात ‘पहिला टप्पा’ म्हणून घातली. दुसरा टप्पा म्हणून एप्रिलमध्ये गच्चीवर टॉवर उभा राहिला. सोसायटीच्या सेक्रेटरीने फीत कापली. त्याच्या नव्या पायलटने पुन्हा गोंधळ घातला आणि दातारकाकूंचे कॉल परत तुटू लागले.

पुढच्या रविवारी वागळे पेढे घेऊन घरी आले. बढती झाली होती.

“वृंदा, काकांच्या पाया पड,” बाबा म्हणाले. “तुझ्यामुळे झालं म्हणताहेत ते. केवढा मोठेपणा.”

“मी पडणार नाही, बाबा.”

“असू दे हो, आजकालच्या मुली,” म्हणत वागळ्यांनी तिच्या खांद्याकडे हात नेला. ती बाजूला सरकली. हात हवेतच राहिला, मग पेढ्यांच्या पुड्याकडे वळला.

ते गेल्यावर तिने सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पण नोकरी त्यानेच दिली ना?”

मंगळवारी तिने राजीनामा दिला. बाबा महिनाभर तिच्याशी मोजकंच बोलले. गुडगावला एका छोट्या कंपनीत काम मिळालं. जायला दोन बस आणि यायला कधी तीन.

जुन्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी ती दातारकाकूंकडे गेली. कोणता टॉवर उपद्रव करतो आणि काय मागायचं, हे तिने हिंदीत एका पानावर लिहून दिलं. काकूंनी ते शाळेच्या वहीसारखं तपासलं, दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं आणि विचारलं, “तुझं नाव घालू?”

“घाला.”

सोसायटीच्या सभेत काकूंनी ते पान वाचून दाखवलं, साठ घरांच्या सह्या घेतल्या आणि कंपनीच्या ऑफिसात जाऊन दोन तास बसून राहिल्या. जूनमध्ये त्यांचा फोन आला. कॉल आता तुटत नव्हते.

“टॉवर काढला?” वृंदाने विचारलं.

“छे. गच्चीवर आहे तसाच आहे. नुसता बंद करून ठेवलाय. कंपनीचा माणूस म्हणाला, काढता येणार नाही, आकडा कमी होतो.”

वृंदा काही बोलली नाही. काकूंना वाटलं, कॉल तुटला. त्या “हॅलो, हॅलो” करू लागल्या.

“आहे काकू,” ती म्हणाली. “ऐकू येतंय मला.”