मोठ्या घाटावरचा ठिपका

बाबांनी दिलेला शब्द मोडून मोठा घाट धरला, हे मुकादमला कळलं तेव्हा ती एका मास्तरांच्या नाकावर तपासणीचा जाडजूड चष्मा चढवून त्यात भिंगं बदलत होती.

मुकादम हे काही तिचं खरं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. मुकादम हे नाव बाबांनी ठेवलेलं, तेही हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर. मीठ किती खाल्लं, झोप किती झाली, जिने किती चढलात, सगळ्याचा जाब ही विचारणार आणि चुकलं की फोनवरून झापणार. "जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, एका साहेबाचं ऐकून घेतलं नाही, आणि आता पोटची पोर मुकादमी करतेय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगताना त्यांना बरंही वाटत असे, पण ते कबूल कोण करतो!

सायकलही मुकादमचीच कल्पना. डॉक्टरांनी हळूहळू व्यायाम सुरू करा म्हटलं होतं, पण बाबांना एकट्याने रस्त्यावर पाठवायची तिची छाती होत नव्हती. मग तिने त्यांची जुनी सायकल बैठकीच्या खोलीत आणली, मागचं चाक काढून ती एका यंत्रावर बसवली आणि समोर टीव्ही जोडला. पडद्यावर एक अख्खं खोटं जग उघडायचं. त्यात रस्ते, पूल, जंगलं, आणि आपापल्या घरात बसून पॅडल मारणाऱ्या हजारो माणसांच्या बाहुल्या. आपण पॅडल मारलं की आपली बाहुली पुढे जाते, चढ लागला की यंत्र पॅडल जड करतं, आणि छातीला बांधलेला पट्टा ठोके मोजून आकडा दाखवत राहतो. तो आकडा, आणि नकाशावर सरकणारा बाबांचा ठिपका, मुकादमच्या मोबाइलवरही दिसायचा. बाबा घरी, ती दुकानात, आणि बाबांचं काळीज तिच्या एप्रनच्या खिशात.

नियम साधे होते. तळ्याकाठच्या सपाट रस्त्यानेच जायचं. मोठ्या घाटाचं नाव काढायचं नाही. एकशेवीसच्या वर ठोके गेले की उतरायचं.

सुरुवातीला सगळं छान चाललं, आणि मग आकड्याच्या अंगात आलं. सपाट रस्त्यावर, काहीही कारण नसताना, नव्वदवरून तो एकदम दीडशेवर उडी मारायचा, क्षणभर तिथे थांबायचा आणि मुकाट्याने खाली यायचा. पट्टा कोरडा असेल म्हणून तिने तो ओला करून बांधायला सांगितलं. फरक पडला नाही. शेवटी ती मोबाइल घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी बाबांचा ईसीजी काढला तर पट्टी अगदी चांगली. "हे दुखणं नेमकं तपासणीच्या वेळी सापडेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण तुमचे हे आलेख बरे नाहीत." त्यांनी गोळी दुप्पट केली आणि एवढ्याने थांबलं नाही तर पुढच्या आठवड्यात दाखल करून घेऊ म्हणाले.

तेव्हापासून मुकादमला धड जेवण जात नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तिचं मन तर पगारी नोकरी असल्यासारखं दिवसभर तेवढंच करत होतं. त्यात नव्या डोसाने बाबा फोनवर पेंगुळलेले वाटायचे. विचारलं की म्हणायचे, "बराय मी. चालवतोय की सायकल. दिसत नाही का तुला?" दिसत होतंच. रोज दिसत होतं.

आणि आज ठिपका तळ्याकडे न वळता डावीकडे घाटात शिरला होता. आकडा एकशेअठ्ठावन्न.

तिने बाबांना फोन लावला. उचलला नाही. आईला लावला. आईचा फोन म्हणजे कुठल्या तरी उशीखाली वाजत पडणार. आकडा एकशेपासष्ट झाला, मध्येच शंभरावर घसरला, पुन्हा वर गेला.

"आता कसं दिसतंय?" तिने मास्तरांना विचारलं.

"मघापेक्षा वाईट," मास्तर म्हणाले.

"असू दे," असं म्हणून तिने पर्स उचलली. मागून मालक हाका मारत होते आणि मास्तर तो जाडजूड चष्मा घालून खुर्चीतच बसले होते. तिने वळूनही पाहिलं नाही.

टॅक्सीत बसल्यावर तिने पत्ता सांगितला आणि लवकर चला म्हटलं. तिचा चेहरा पाहून ड्रायव्हरने विचारलं, "कुणी सीरियस आहे का?"

"वडील. सायकल चालवतायत."

"कुठल्या रस्त्याला? तिकडूनच घेतो."

"घरात," ती म्हणाली. ड्रायव्हरने आरशात एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

ठिपका एकेक वळण घेत वर सरकत होता. किती हळू! पायी जाणारा माणूससुद्धा पुढे निघून गेला असता. बाबा हट्टी खरे, पण इतके? मागे, आकडा उडायला लागायच्या आधी, ती जरा जास्तच बोलली होती. "रोज तेच तळं, तीच फेरी, जरा तरी जोर लावा, अशाने ताकद येणार कशी?" असं ती म्हणाली होती, वर लगेच "पण जपून" असंही म्हणाली होती. माणसाने नक्की करायचं तरी काय? तो राग त्यांनी मनात धरला असणार. रागाच्या भरात ते घाटावर निघाले असणार. म्हणजे बाबांना काही झालं तर ते आपल्या जिभेने केलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने पुढच्या सीटची पाठ इतकी घट्ट धरली की नख मोडलं.

घराच्या अलीकडच्या चौकात ठिपका थांबला.

तिने पडदा मोठा करून पाहिलं. बाबांची निळ्या शर्टातली बाहुली कठड्याजवळ एक पाय टेकून उभी होती. शेजारून दुसऱ्या बाहुल्या चढून जात होत्या. आकड्याच्या जागी दोन छोट्या रेघा आल्या होत्या. पट्टा सुटला की रेघा येतात, हे तिला ठाऊक होतं. रेघा आणखी कशाने येऊ शकतात, हेही तिला ठाऊक होतं. तिने टॅक्सीवाल्याच्या हातात नोट कोंबली आणि जिना धरला.

दार नुसतं लोटलेलं होतं. पंखा फुल्ल सुरू, टीव्हीवर घाट, सायकल रिकामी. सायकल आणि भिंत यांच्यामध्ये आई जमिनीवर पाय पसरून बसली होती, पाठ भिंतीला टेकून.

"बाबा कुठेत?"

आईने बोलायला तोंड उघडलं, मग नुसता हात उचलून आतल्या खोलीकडे केला. मुकादम तिच्या पायांवरून ओलांडून आत पळाली.

बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे होते. हलत नव्हते. तिने खांदा धरून त्यांना गदागदा हलवलं.

"काय गं," बाबा एक डोळा उघडून म्हणाले, "दुकानाला सुट्टी?"

ती पलंगाच्या कडेवर कोसळलीच. आधी रडली, मग ओरडली. "घाट कशाला चढलात? मेला असतात ना!"

"कुठला घाट?"

बाबांच्या अंगावर घडीचा पायजमा होता. कपाळ कोरडं. तिने सदऱ्याखाली हात घालून पाहिलं, पट्टा नव्हता. बाबांनी तिचा हात हळूच बाजूला केला आणि छताकडे बघत पडून राहिले, चोरी पकडल्यासारखे. मग मुकादमला बाहेरच्या खोलीत आपण काय पाहिलं ते नीट दिसलं. सायकलशेजारी बसलेल्या आईचे केस घामाने मानेला चिकटले होते, आणि तिच्या अंगात बाबांचा बनियन होता.

ती बाहेर आली. आई अजून तिथेच होती. बनियनच्या गळ्यातून घसरलेला काळा पट्टा दिसत होता.

"रागावू नकोस," आई दम खात म्हणाली. "त्यांचा काही दोष नाही. पॅडल मारलं की छातीत धडधडतं, झटका आला तेव्हासारखंच वाटतं म्हणाले. घामच फुटला त्यांना. मी म्हटलं, आजचा दिवस मी चालवते, नाहीतर ठिपका हलला नाही म्हणून तू फोनवर फाडून खाशील."

"आजचा दिवस?"

"तसं नाही. मग दुसऱ्या दिवशीही त्यांना नकोच वाटलं." आई थोडी ओशाळली. "आणि खरं सांगू? मला आवडायला लागलं. तळ्याला कंटाळले. तूही म्हणालीस जोर लावा. म्हटलं, घाटावरून काय दिसतं ते एकदा बघू. पण फार जड गं! तिथे बायका माझ्या पुढून भुर्रकन निघून जातात."

जड असणारच. यंत्राला माणूस दिसत नाही, त्यात भरलेलं वजन दिसतं. मुकादमने स्वतःच्या हाताने बाबांचे चौऱ्याऐंशी किलो भरले होते, आणि यंत्र तेवढ्या वजनाचा चढ करून देत होतं. एवढीशी आई रोज बाबांना घेऊन सायकल मारत होती.

मुकादमचं डोकं आता तिला नको होतं तिकडे धावायला लागलं. ज्या दिवसापासून आकडा उड्या मारायला लागला, त्या दिवसापासून सायकलवर बाबा नव्हतेच. ते आलेख, ज्यांवर डॉक्टरांनी बोट ठेवलं, ते बाबांचे नव्हतेच. बाबांची पट्टी चांगली आली, कारण त्यांना तसलं काही झालेलंच नव्हतं. त्यांना आलेली गुंगी दुप्पट गोळीची होती. ती खाली बसली आणि तिने आईचं मनगट धरलं. बोटांखाली नाडी दोनदा ठोका द्यायची, गप्प व्हायची, मग घाईघाईने चार द्यायची.

"आई, तो आकडा उडायचा ना, ज्याच्यासाठी बाबांना दाखल करणार होते..."

"हो, तेच की! त्याचंच मला टेन्शन होतं."

"ते ठोके तुझे आहेत."

 आईचा सगळा चेहरा उजळला. "म्हणजे यांना काही नाही?"

"अगं, तुला आहे!"

"ते होईल बघू. पण यांना नाही ना? नक्की?" तिने डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं. "सुटले बाई एकदाची."

"सुटले काय, सुटले काय!" बाबा दारात उभे होते, चौकट धरून, झोकांड्या खात. ते इतक्या मोठ्याने कित्येक दिवसांत बोलले नव्हते. "मी आत पडून तुझ्या पॅडलचा आवाज ऐकत होतो. रोज ऐकत होतो. आणि मला बरं वाटत होतं, माझ्या वाटचं कुणी करतंय म्हणून!"

मुकादमला दोघांवर ओरडावंसं वाटत होतं, पण कुठल्या तोंडाने? तिच्या धाकाने हे घर खोटं बोलायला शिकलं होतं. तिने आईला बनियनवरच शर्ट घातला, बाबांना चपला शोधून दिल्या आणि टॅक्सी बोलावली. जिना उतरताना आई दोनदा थांबली. मागे याच जिन्यावर पिशवी घेऊन चढताना ती अशीच थांबायची आणि मुकादम वरून ओरडायची, "चल गं लवकर, बाबांच्या गोळीची वेळ झालीय."

दवाखान्यात नर्सने नेहमीप्रमाणे बाबांना आत घेतलं. "आज मी नाही, ही," बाबा म्हणाले. दर खेपेला बाहेरच्या बाकावर पिशवी घेऊन बसणारी आई आज पेशंट आहे, हे समजायला नर्सलाही थोडा वेळ लागला. "आजींचा रक्तगट? वजन? कसली औषधं चालू?" मुकादमने तोंड उघडलं. बाबांच्या रक्तातल्या साखरेपासून सगळं तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आईचं तिला काहीच माहीत नव्हतं. बाबा फरशीकडे बघत होते.

आईला खाटेवर निजवलं, तारा लावल्या, एका हातात सुई टोचून बाटली जोडली. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर येत राहिली, आणि मुकादमने डॉक्टरांना सायकलचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी ती बराच वेळ पाहिली आणि रात्री इथेच ठेवून घेतो म्हणाले. वेळेत आलात, असंही म्हणाले, पण ते बोलताना त्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"धाप कधीपासून लागते?" त्यांनी आईला विचारलं. "सायकलवर बसायला लागलात तेव्हापासून?"

"छे, त्याच्या आधीपासून."

"मग बोलला नाहीत?"

"तेव्हा यांचं चालू होतं ना," आई म्हणाली. एवढ्या शिकलेल्या माणसाला हे कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

"साधारण किती महिने झाले असतील?"

आई मोकळ्या हाताच्या बोटांवर मोजायला लागली. अंगठ्याने एकेक पेर धरत ती मागे मागे जात राहिली आणि करंगळीपर्यंत येऊन थांबली. हात संपला होता, महिने संपले नव्हते. दुसऱ्या हाताला सुई होती. मुलीने आपला हात पुढे केला, आणि आई तिच्या बोटांवर पुढचे महिने मोजू लागली.