सातव्या पानावरची चंद्रव्वा

पाच वर्षांत लोकसभेच्या दोनशे एकाहत्तर बैठका झाल्या. त्यांपैकी दोनशे चार बैठकांना खासदार महेश्वरअण्णा हजर होते. एकशे एकोणऐंशी विधेयकं मंजूर झाली. त्यातली एकशे अडुसष्ट आवाजी मतदानाने, म्हणजे कोण ‘हो’ म्हणालं आणि कोण ‘नाही’, याची नावानिशी नोंद कुठेच नाही. उरली अकरा. तेवढ्या अकरा वेळा बटणं दाबून मतं घेतली गेली. अण्णा चार वेळा गैरहजर होते, सहा वेळा त्यांनी सरकारच्या बाजूने मत दिलं आणि एकदा विरोधात.

हा अकरा ओळींचा तक्ता करायला शिवानीला नऊ दिवस लागले. तिने संख्याशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि तीन महिन्यांसाठी ती अण्णांच्या सोलापुरातल्या, सात रस्त्याजवळच्या कार्यालयात कामाला लागली होती. निवडणूक तोंडावर आली होती आणि अण्णांच्या कामाची पुस्तिका निघायची होती. तिचं नाव आधीच ठरलेलं होतं: ‘शब्दाला जागणारा माणूस’.

मतं अकरा, पण वर्तमानपत्रांतली अण्णांची निवेदनं निघाली तीनशे बारा. कांद्याच्या निर्यातबंदीवर सोलापुरात ते तळमळून बोलले होते आणि त्यावर मतदान झालं त्या दिवशी बार्शीत एका शोरूमची फीत कापत होते. शिवानीने निवेदनांच्या तारखा मतांच्या शेजारी मांडल्या, तसा तो रकाना बघून आबासाहेब म्हणाले, “हा काढून टाक. पुस्तिका आहे, परीक्षेचा पेपर नाही.”

आबासाहेब अण्णांचे स्वीय सहायक. अण्णा काय बोलणार हे अण्णांच्या आधी त्यांना माहीत असायचं. त्यांनीच सांगितलं, की सगळी पुस्तिका एका पानावर उभी आहे, सातव्या. त्या पानावर अण्णांचं ते एकमेव विरोधातलं मत छापायचं होतं आणि शेजारी कुंभारीच्या विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या चंद्रव्वाचा फोटो, मांडीवर विड्यांचं सूप घेऊन काढलेला. खाली ओळ: ‘अण्णांनी सुपावरचा शब्द पाळला.’

चंद्रव्वा शिवानीची आई.

त्या शब्दाची गोष्ट घरकुलात सगळ्यांना पाठ होती. दोन वर्षांपूर्वी विडी कामगारांचे दवाखाने ठेकेदार संस्थांकडे चालवायला द्यायचं विधेयक आलं, तेव्हा बायका चिडल्या. तंबाखूच्या धुळीने निम्म्या घरकुलाला खोकला, आणि औषधाला तेवढा एकच दवाखाना. अण्णा समजूत घालायला आले. चंद्रव्वाने आपलं सूप आणून त्यांच्यासमोर ठेवलं. घरकुलातल्या बायकांची रीतच आहे, दोघींचं भांडण मिटेना झालं की खरं-खोटं करायला सुपावर हात ठेवायचा. ज्या सुपातून पोट चालतं, त्यावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. अण्णांनी हात ठेवला आणि म्हणाले, “पक्ष काय म्हणायचं ते म्हणू दे. मी विरोध करणार.”

आणि त्यांनी केला. मतदान झालं त्याच दुपारी छापील यादीचा फोटो सगळ्यांच्या फोनवर आला. ‘विरोधात’च्या रांगेत अण्णांचं नाव. विधेयक तरीही मंजूर झालं. दवाखाना आठवड्यातून दोन दिवस उघडू लागला, डॉक्टर त्यातला एक दिवस. पण बायका म्हणायच्या, एकटा माणूस तरी काय करंल! आणि चंद्रव्वाची मान गल्लीत ताठ राहिली, कारण सूप तिचं होतं.

सातव्या पानासाठी आबासाहेबांनी त्या यादीची झेरॉक्स दिली. शिवानीने ती इतर दहा मतदानांच्या प्रतींवर ठेवून कडा जुळवल्या. खालची कड जुळेना. तिने पट्टी काढली. बाकीची पानं एकोणतीस सेंटिमीटर सात मिलिमीटर होती. हे सत्तावीसच होतं. मग तिचं लक्ष अण्णांच्या नावाकडे गेलं. नावापाशी माशीने घाण केल्यासारखा एक ठिपका होता. भिंगाखाली धरल्यावर ती तळटीपेची चांदणी निघाली.

मूळ पान संसदेच्या संकेतस्थळावर होतं. खाली बारीक अक्षरात, चांदणीसमोर दोन ओळी: या सदस्यांनी आपले मत चिठ्ठीद्वारे दुरुस्त केले, विधेयकाच्या बाजूने. त्या ओळींत एकच नाव होतं, अण्णांचं.

नियम तिने शोधून वाचला. बटण चुकीचं दाबलं गेलं तर सदस्याला तिथल्या तिथे चिठ्ठी देऊन मत बदलता येतं. यंत्राने टिपलेली यादी मात्र तशीच छापतात. दुरुस्ती तळाला जाते.

“आबासाहेब, हे पान कापलंय,” ती म्हणाली.

“झेरॉक्सवाल्याने कापलं असेल.”

“कात्रीने कापलंय. कड तिरकी गेलीय. दोन सेंटिमीटर सात मिलिमीटर.”

आबासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “तू संख्याशास्त्राची की शवविच्छेदनाची?”

“अण्णांनी शेवटी बाजूने मत दिलंय.”

“बटण कुठलं दाबलं?”

“विरोधाचं.”

“मग पुस्तिकेत काय खोटं आहे? बटण घरकुलासाठी, चिठ्ठी पक्षासाठी. पक्षादेश मोडला असता तर खासदारकी गेली असती. मग तुमच्या दवाखान्यासाठी भांडलं कोण असतं?”

“पण बटण चुकून दाबलं गेलं असेल तर—”

आबासाहेबांनी तक्त्यावर बोट ठेवलं. “अकरा मतदानांत अण्णा कधी चुकलेत? तक्ता तूच केलास की.”

शिवानीने तो कागद टेबलावर ठेवला. “या दोन ओळी छापल्या पाहिजेत.”

“तळाच्या ओळी कोण वाचतंय, बाळ?”

“कुणी वाचत नसेल तर कापल्या कशाला?”

आबासाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. त्यांनी खण उघडून तिचं अनुभवाचं प्रमाणपत्र काढलं. ते तयारच होतं, फक्त तारीख भरायची राहिली होती. ती भरता भरता म्हणाले, “उद्यापासून नको येऊस. पुस्तिका काल छापायला गेलीय. आणि हो, आईचा फोटो फार छान आलाय.”

घरी चंद्रव्वा ओट्यावर बसून विड्या वळत होती. शिवानीने तिला दोनदा सगळं सांगितलं, बटण कसं असतं, चिठ्ठी कशी असते. चंद्रव्वाचे हात थांबले नाहीत.

“म्हंजे आदी न्हाय म्हणला, मग व्हय म्हणला?”

“व्हय, अव्वा.”

“मदी किती येळ?”

“पाच मिनिटं. फार तर दहा.”

“विरोध करतो म्हणलावता,” चंद्रव्वा म्हणाली. “केला की. पाच मिन्ट.”

मग मात्र तिने सूप बाजूला ठेवलं. पदराने हात पुसले. खोकल्याची उबळ ओसरायला वेळ लागला. “माझं तोंड छापलंय व्हय त्येच्यावर?”

“चाळीस हजार प्रती.”

“एवड्या तोंडानी मी खोटं बोलाय लागलीया आन् मला पत्ताच न्हाय.” ती उठली. “त्या कागदाचा मोठा फोटू काढून आण. मला घरं फिरायचीत. मीच सांगितलंतं, मीच फिरवते.”

चंद्रव्वाच्या शब्दावर तेव्हा अण्णांच्या मागे उभी राहिलेली घरं एकशे अठरा होती. मायलेकी सहा दिवसांत सगळी फिरल्या. शिवानी घरागणिक खूण करत होती. पण पुस्तिका त्यांच्या एक दिवस आधी पोहोचली होती. कुठे टीव्हीवर ठेवलेली, कुठे तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून. दारात सोजरबाईने ती उघडून चंद्रव्वासमोर धरली. सोजरबाई तिची वीस वर्षांची शेजारीण, कारखान्यात विड्या द्यायला रोज बरोबर जाणारी.

“हितं तूच म्हणतीस शब्द पाळला. आता दारात येऊन तूच म्हणतीस न्हाय पाळला. कुटली चंद्रव्वा खरी मानू?”

“ही. बोलतीया ती.”

“बोलनारी रोज बदलती. छापल्यालं बदलत न्हाय.” सोजरबाईने शिवानीकडे बघून हनुवटी उडवली. “पोरीची नोकरी गेली म्हनं?”

“तिनं सोडली.”

“व्हय की. सगळ्यांच्याच पोरी सोडत्यात.”

घराबाहेर पडल्यावर शिवानीने यादीवर खूण केली नाही. “काय लिहू?” तिने विचारलं.

“ल्हिव, चा पाजला न्हाय.”

शनिवारी अण्णांची सभा घरकुलाच्या मैदानात होती. चंद्रव्वा सूप घेऊन गेली. शिवानीने मोठा केलेला कागद गुंडाळून काखेत धरला होता. कार्यकर्ते चंद्रव्वाला अडवतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी वाट करून दिली. पुस्तिकेतलं तोंड त्यांना पाठ होतं. एकाने तर हाताला धरून मंचावर चढवलं.

अण्णा उठले, वाकून चंद्रव्वाच्या पाया पडले. फोटो निघाले.

“अण्णा,” चंद्रव्वा माइकमध्ये म्हणाली. तिला माइकची सवय नव्हती, आवाज फाटला. “सुपावर हात ठेवा आन् सांगा. त्या दिशी तुमी काय केलं?”

शिवानी खाली, पहिल्या रांगेच्या कडेला उभी होती. मंचाच्या टोकाला आबासाहेब उभे होते. त्यांनी घड्याळात पाहिलं.

अण्णांनी पायांतले बूट काढले. सावकाश, देवळात शिरताना काढावे तसे. मग दोन्ही हात सुपावर ठेवले.

“या सुपाची शपथ,” ते म्हणाले, “मी विरोधाचं बटण दाबलं. दिल्लीत, सगळ्यांच्या देखत. खोटं असेल तर माझे हात झडोत.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. शिवानीला ते टाळ्या सुरू व्हायच्या आत कळलं. चंद्रव्वाला कळायला थोडा वेळ लागला.

“आन् चिठ्ठी?” ती म्हणाली. “मागनं चिठ्ठी दिली न्हवं? त्येचं बी सांगा.” पण तोपर्यंत माइक अण्णांच्या हातात गेला होता आणि बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. सोजरबाई डोळे पुसत होती. शिवानीने कागद उलगडून डोक्यावर धरला. मागून कुणीतरी ओरडलं, “ए, खाली कर की, दिसंना झालंय!”

परतताना चंद्रव्वाने सूप डोक्यावर पालथं धरलं होतं. ऊन होतं म्हणून. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, “शपत खोटी न्हवती की.”

“न्हवती.”

“मग मी इचारलं ते चुकलं.”

‘शेवटी मत कुणाच्या बाजूला मोजलं?’ हा बरोबर प्रश्न शिवानीला आठ दिवसांपासून माहीत होता, तो तासाला दोनदा तिच्या मनात येऊन जात होता. पण आईला तो घोटवून घ्यायचं तिला सुचलं नव्हतं. तिने आईच्या हातात कागद दिला होता, आणि आईला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून चंद्रव्वा नवीन सुपावर विड्या वळायला बसली. जुनं तिने माळ्यावर टाकलं. का टाकलं, हे सोजरबाईने विचारलं नाही. दोघी आता वेगवेगळ्या वेळी कारखान्यात जात होत्या.

मतदानाच्या दिवशी मायलेकी सकाळी आठ वाजताच जाऊन आल्या. निकालानंतर तीन आठवड्यांनी केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध झाले. शिवानीने घरकुलाच्या शाळेतल्या केंद्राचे आकडे मागच्या निवडणुकीशेजारी मांडले.

एकूण मतदान: मागे सहाशे अठ्ठेचाळीस, या वेळी सहाशे त्रेपन्न. महेश्वरअण्णा: मागे चारशे एकोणीस, या वेळी चारशे शहाण्णव. वरीलपैकी कोणीही नाही: मागे शून्य, या वेळी दोन.