डाग विचारणारी बाई

रक्ताच्या डागाला गरम पाणी लावायचं नसतं. गरम पाण्याने रक्त कापडात शिजतं, मग कापड विरेल पण डाग हलणार नाही. हे मी एकोणिसाव्या वर्षी शिकले आणि पुढची चौतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात रोज वापरलं.

आम्ही बारा जणी होतो. लांबलचक टेबलावर वॉर्डांची गाठोडी सोडायची आणि डाग बघून ढीग लावायचे. वाफेने चष्मे आंधळे व्हायचे, हातांची सालं निघायची, पण त्या बारा जणींसारखं हसणं मी पुढे कुठेच ऐकलं नाही. हळूहळू कापड वाचता यायला लागायचं. नाकातलं रक्त जाड, गोल थेंबांचं. जखमेतलं रक्त पट्टीचा आकार घेऊन येतं. खोकल्यातलं रक्त लालभडक, कडेला लाळेने फिकट झालेलं आणि मध्ये सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांच्या खुणा.

एकदा मी शहाणपणा केला. फाटकाशी उभ्या असलेल्या एका माणसाला त्याच्या भावाच्या चादरीवरून सांगून बसले, की लक्षण काही बरं नाही. त्याने वर जाऊन नुसता गोंधळ घातला. आमच्यात सगळ्यांत वयाने मोठी होती तिला आम्ही थोरली म्हणायचो. तिने सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली.

"आपण कापड धुतो. माणसांचं बघायला वर डॉक्टर बसलेत. दिसलं ते पोटात ठेवायचं."

तेव्हापासून पोटात ठेवत गेले.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी घरात अडकले. सुनेने मला फोनवर एका गटात घातलं. चाळीस हजार माणसं, एकमेकांच्या ओळखीचं कुणी नाही. कुणी सासूबद्दल विचारतं, कुणी गळक्या नळाबद्दल, आणि दोन्हींवर तितक्याच ठामपणे उत्तरं देणारे हजर. एकीने शाईच्या डागाचं विचारलं. शंभर जणींनी शंभर चुकीचे उपाय सांगितले, तेव्हा मला राहवलं नाही. माझा उपाय लागू पडला. महिन्याभरात मी 'डागआजी' झाले. सून चिडवायची, "आई, दरबार भरलाय, चला." मी खोटं रागवायचे. पण लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं मला आवडत होतं. नोकरी सुटल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

त्याच सुमाराला एकीने मला खासगीत लिहिलं. नाव लावलेलं नव्हतं, चेहऱ्याच्या जागी एका बंद खिडकीचा फोटो होता. म्हणून मी मनातल्या मनात तिला खिडकीच म्हणायला लागले. तिने उशीच्या अभ्र्याचा फोटो पाठवला होता. डाग तळहाताएवढा. वाळला असला तरी निघेल का, एवढंच तिला हवं होतं.

मी फोटो बोटांनी मोठा केला. त्या बुडबुड्यांच्या खुणा मला दिसल्या.

मी उपाय लिहिला. थंड पाणी, मूठभर मीठ, दोन तास भिजू दे, मग साबण, आणि तरीही सावली राहिलीच तर पेरॉक्साइडचे थेंब. दुसऱ्या दिवशी तिने धुतलेल्या अभ्र्याचा फोटो पाठवला. थोरलीनेही नावं ठेवली नसती असा पांढरा.

मग टॉवेल आला, मग गाउनची कॉलर, मग गादी. मधल्या वेळात ती गप्पा मारायची. पडदे शिवायची ती, एका दुकानात. म्हणायची, गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिडकीचं माप माहीत नसतं, पण शेजारणीच्या पडद्याचा रंग बरोब्बर पाठ असतो. घरात ती आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. रोज सकाळी दहाच्या आसपास तिचा निरोप यायचा. साडेनऊपासून मी चष्मा पुसून तयार असायचे.

तिसऱ्या महिन्यात मी धीर केला. हे रक्त खोकल्यातलं आहे ना, डॉक्टरला दाखवलंस का, असं विचारलं. बऱ्याच वेळाने तिचं उत्तर आलं.

"मला माहीत आहे काय आहे ते. मुलीची परीक्षा उन्हाळ्यात आहे. तोवर तिला कळता कामा नये, नाहीतर सगळं सोडून माझ्या उशाशी बसेल. आजी, तुम्ही फक्त डागाचं सांगा. नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी विचारीन."

मी ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, "बरं. नाही विचारणार. टॉवेल आधी थंड पाण्यात टाक."

थोरलीचं ऐकलं, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण सकाळचे दहा हे होतं.

आणखी चार महिने मी उपाय सांगत राहिले. मग निरोप थांबले. पाच आठवड्यांनी त्याच खिडकीतून वेगळंच माणूस बोललं. "मी तिची मुलगी. आईला जाऊन तीन आठवडे झाले. इस्पितळात ती चारच दिवस होती. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी रक्त पडत असणार. मी शेजारच्या खोलीत होते. मला एक थेंब दिसला नाही. तिने फोनमधलं सगळं पुसलंय, फक्त तुमचं नाव राहिलंय. ती तुमच्याशी काय बोलायची?"

माझ्याकडे सगळं होतं. सात महिन्यांचं.

सुनेने खांद्यावरून वाचलं आणि शेजारी बसली. तिला मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, पडद्यांच्या गप्पा, विनोद, तेवढंच पाठवा, पोरीला बरं वाटेल. हे बाकीचं वाचून तिला काय मिळणार? तिने गटात टाकलं तर लोक तुम्हाला फाडून खातील.

"आणि आई, तुम्ही नसतं सांगितलं तर त्या बाईने दुसरीकडून शिकून घेतलंच असतं."

"शिकली असती. पण सांगितलं मीच ना."

तिने पुसायचं कसं ते दाखवलं. 'बरं. नाही विचारणार.' या ओळीवर मी बोट दाबून धरलं. फोनने विचारलं, पुसायचं का. सुनेचा श्वास मला ऐकू येत होता. मी 'नाही' दाबलं आणि पहिल्या अभ्र्यापासून एकेक करून सगळं त्या मुलीला पाठवलं. दुपार त्यातच गेली.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

"परीक्षेचा फॉर्म मी भरलाच नव्हता. कॉलेज हिवाळ्यातच सोडलं होतं. आईला कळू नये म्हणून रोज दार लावून पुस्तक उघडून बसायचे. तिने एकदा विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. तुम्ही मला आईचं सांगितलं असतं तरी."

मी 'पोरी' एवढंच लिहिलं आणि थांबले. तिच्या खिडकीशेजारी हिरवा ठिपका होता, म्हणजे ती तिथे होती, वाट बघत होती. बराच वेळ होती. मग ठिपका गेला.