डोली आली, वाट सोडा!

मी एक जुनी डोली आहे. मित्रांनो, डोली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच नवरी आली असेल, जरीचा पडदा आला असेल. तसलं माझ्याकडे काही नाही. एक लांब कळक, म्हणजे बांबू, आणि त्याच्या दोन टोकांना बांधलेलं जाड घोंगडं, एवढीच मी. आमच्या कळकवाडीत कुणी आजारी पडलं, की त्याला माझ्यात निजवतात आणि डोंगर उतरून खाली गाडीरस्त्यावर नेतात. पुढे एक गडी, मागे एक, आणि खांदा बदलायला दोघं. दीड तासाची वाट आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून नावं ठेवायला नकोत. मी जळकुकडी आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं.

मला विठूबाबांनी घडवलं. बेटातला सगळ्यात सरळ कळक त्यांनी निवडला, विस्तवावर शेकून त्याचा उरलासुरला बाक काढला, पेरं तासून गुळगुळीत केली. 'वाडीची लेक हाय ही,' असं ते सगळ्यांना सांगायचे. काय दिवस होते ते! दिवाळीला बायका मला हळदकुंकू लावायच्या. वाटेने जाताना पुढचा गडी ओरडायचा, 'डोली आली, वाट सोडा!' आणि डोक्यावर मोळी घेतलेल्या बायकासुद्धा बाजूला होऊन उभ्या राहायच्या. आमच्याकडचा तो नेमच आहे. डोलीपुढे कुणी मोठं नाही.

पण वर माथेरानकडे नजर गेली की माझा जळफळाट व्हायचा. तिथे धडधाकट माणसांना मजेत फिरायला घोडे, हातरिक्षा आणि ती झुकझुक गाडी! आणि इथे तापाने फणफणलेल्या माणसाला मी एकटी. त्याहून जास्त मी जळायचे ती रस्त्यावर. तो अजून झालेलाच नाही, तरी वाडीत सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव. दर निवडणुकीच्या आधी कुणीतरी येतं, डोंगरावर चुन्याची रेघ मारतं आणि निघून जातं. विठूबाबांची बायको मोतीबाई त्या रेघेकडे टक लावून बसायची. अहो, रस्ता झाला तर मला कोण विचारणार? म्हणून पावसाने रेघ धुऊन गेली की मी मनात म्हणायचे, चला, सुंठीवाचून खोकला गेला!

दोन वर्षांपूर्वी विठूबाबांनाच फुरसं चावलं. त्यांनी केलेल्या डोलीत त्यांनाच निजवलं. माझे गडी नुसते चालले नाहीत, धावले. पण गाडीरस्ता दिसू लागला तेव्हा बाबा गार पडले होते. त्या दिवसापासून मोतीबाईने मला हात लावला नाही. यात माझी काय चूक, असं मला वाटायचं आणि तिचा फार राग यायचा.

यंदा लोकसभेची निवडणूक आली. शाळेच्या ओट्यावर वाडी जमली. तरुण पोरं म्हणाली, 'रस्ता नाय तर मत नाय!' मोतीबाई उठून म्हणाली, 'मत नाय दिलं तर आपून हितं ऱ्हातो हे तरी त्यांना कसं कळंल रं? मी तर देणार.' मग सगळेच मत द्यायला तयार झाले.

मतदानाच्या आदल्या दिवशी मतदानाचं मशीन वर आणायचं होतं. ते आणायला कोण गेलं असेल? माझे गडी! नामा, पोपट, दशरथ आणि मोतीबाईचा मुलगा कमळ्या. चौघंही सकाळीच डोंगर उतरले. कमळ्याच्या बायकोला, रूपालीला, नववा महिना लागलेला. 'दोन-तीन तासांचं तर काम हाय, दुपारच्याला येतो,' असं तो तिला सांगून गेला. मी कमळ्याच्या पडवीत खुंटीला लटकून धुमसत होते. कोण कुठली ती मशीनबाई! तिला कापडात गुंडाळून आणायचं, बरोबर पोलीस द्यायचा, आणि माझ्यासोबत इतक्या वर्षांत कधी साधा होमगार्ड नाही!

ऊन चढलं आणि रूपालीच्या पोटात कळा सुरू झाल्या. शेजारची वनिता, वाडीतली बाळंतपणं करणारी, धावत आली. तिने पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. 'मूल आडवं हाय, आत्ये. हितं नाय व्हायचं. खाली न्यायला पायजे.'

वाडीत फोन लागत नाही. गडी डोंगराखाली. आणि बाईने डोलीला खांदा द्यायचा नाही, अशी आमच्या वाडीची जुनी रीत. 'गडी येऊ देत,' जमलेल्या बायकांतली इंदूबाई म्हणाली. मोतीबाईने एकदा सुनेकडे बघितलं. 'तवर थांबंल का ती? धरा गं!' असं म्हणत तिने मला खुंटीवरून काढलं. दोन वर्षांनी तिचा हात लागला मला. पुढचा खांदा तिने घेतला, मागचा वनिताने. इंदूबाई आणि चिंधी बदलीला. मोतीबाईच्या खांद्याचं हाड मला टोचत होतं, पण ती थांबली नाही.

निम्म्या वाटेवर कड्याची अरुंद वाट आहे. एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच. तिथे समोरून ती आली, मशीनबाई! पुढे पोलीस, मागे नामाच्या आणि पोपटच्या डोक्यावर पेट्या, कमळ्याकडे सामानाची पिशवी. दशरथच्या डोक्यावर तर चाकांची खुर्ची होती. म्हाताऱ्या मतदारांसाठी म्हणे! चाकांना वाट नाही म्हणून खुर्चीच माणसाच्या डोक्यावर बसून आली. सगळ्यांत मागे हर्षला मॅडम. त्या नेरळच्या शाळेत शिकवतात, आणि मतदान केंद्र त्यांच्या ताब्यात होतं.

पोलीस म्हणाला, 'ओ बाई, मागं व्हा. मशीन आहे.'

मोतीबाईने होता नव्हता तेवढा जीव एकवटून आरोळी ठोकली, 'डोली आली, वाट सोडा!'

नामा आणि पोपट लगेच कड्याला चिकटले. पेट्या खाली आल्या, एका खडकावर विसावल्या. मित्रांनो, तेव्हा मला झालेला आनंद काय सांगू! बस आता उन्हात, मी तिला म्हटलं, तुझ्यापेक्षा माझाच मान मोठा!

तेवढ्यात रूपाली किंचाळली. तिने माझं घोंगडं मुठीत इतकं आवळलं की त्याचे धागे तुटले. विठूबाबांनीही ते असंच आवळलं होतं. माझा सगळा तोरा एका क्षणात उतरला. खाली गाडीरस्ता अजून दिसतसुद्धा नव्हता. ज्या रस्त्यावर मी जन्मभर जळले, त्यालाच मी हाका मारू लागले. ये रे बाबा, आत्ता ये, मला घाल चुलीत, पण ये!

कमळ्याने पिशवी टाकून आईचा खांदा घेतला. 'अरे, मशीन सोडून कुठं चाललात?' पोलीस ओरडला.

'मशीन उद्या चालू करायचीय, सायेब,' नामा म्हणाला. 'हिला उद्यापर्यंत नाय थांबता येणार.'

हर्षला मॅडम म्हणाल्या, 'जा तुम्ही. पेट्या आम्ही नेतो. खाली आमची गाडी उभी आहे, तीच घेऊन जा.' त्यांनी ड्रायव्हरला चिठ्ठी लिहून दिली, पदर खोचला आणि एक पेटी स्वतः उचलली.

माझे गडी धावले. संध्याकाळी ते मला घेऊन परत आले तेव्हा वाडीला कळलं, कर्जतच्या दवाखान्यात रूपाली सुटली. मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर दोघींपैकी कुणी हाती लागलं नसतं.

आज मतदान आहे. मी शाळेच्या ओट्यावर पडले आहे आणि मशीनबाई आत मानाने बसली आहे. मधूनमधून लांब 'पीं' करते. पहिला नंबर मोतीबाईचा होता. रूपालीचं मत मात्र राहिलं. मोतीबाई बाहेर आली, माझ्याजवळ टेकली आणि विठूबाबांनी तासलेल्या पेरावर तिने शाईचं बोट फिरवलं.

'वाईट वाटून घेऊ नको गं बाय,' ती हळूच म्हणाली. 'तुला अडगळीत टाकायला मत देऊन आले मी.'

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण राग आला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणते, मला जपायची वेळच येऊ देऊ नका. तुमच्या बोटाला शाई लागेल तेव्हा आमच्या चुन्याच्या रेघेचं काय झालं ते विचारा. रस्ता झाला की माझा कळक काकडीच्या मांडवाला लावा आणि घोंगडं रूपालीच्या लेकीला अंथरा. फक्त पहिली गाडी वाडीत शिरेल तेव्हा तिच्यापुढे कुणीतरी एकदा मोठ्याने ओरडा, 'डोली आली, वाट सोडा!' तेवढा मान त्या गाडीला नको, मला द्या. जळका स्वभाव काय, एका दिवसात थोडाच जातो!