डोनलचा डावा पाय

डोनल हरगॅडनचे आकडे गावाला तोंडपाठ. इंग्लंडमधल्या क्लबांकडून पाचशे एकेचाळीस सामने, गोल नऊ; त्यांतला एक स्वतःच्याच जाळ्यात. आयर्लंडकडून सामने तीन, तिन्ही परदेशात, तिन्ही बदली म्हणून. सगळी मिळून एकतीस मिनिटं. एवढ्या वेळात माझे बटाटेसुद्धा शिजत नाहीत, असं दुकानदार मायकी फीनी म्हणायचा.

चौथ्या सामन्याचा विषय मात्र कुणी काढत नसे. तो मायदेशात, डब्लिनला, बुधवारी होता. गावानं पहाटेची बस केलेली, पहिल्या बाकावर आई, मांडीवर सँडविचचा डबा. आदल्या दुपारी क्लबच्या मॅनेजरनं डोनलला सांगितलं होतं की शनिवारचा क्लबचा सामना मोठा आहे, तेव्हा तुझा पाय दुखावलाय. खेळाडू देशासाठी दमू नये म्हणून क्लब तेव्हा सर्रास असं खोटं सांगायला लावत. डोनलनं निमूट डब्लिनला तसं कळवलं. फीनीच्या दुकानात फोन करून आईला थांबवायला अख्खी संध्याकाळ होती. काय सांगावं ते सुचेना, म्हणून त्यानं तो केलाच नाही. अकरा जणांत आपला पोरगा नाही, हे आईला मैदानावर कळलं.

उन्हाळ्यात तो घरी आला तेव्हा तिनं आधी विचारलं, कुठला पाय? ते त्यानंही ठरवलं नव्हतं. डावा म्हणाला, आणि लंगडला. पुढे तेहेतीस वर्षं, गावात शिरला की लंगडणं आलंच. शनिवारी तो टीव्हीवर धावताना दिसे. आई शेजारणींना सांगे, बघा, दुखत असूनही कसा पळतोय. त्याच पायासाठी ती दर वर्षी लॉक डर्ग तळ्यातल्या तीर्थाच्या बेटावर जाई. तीन दिवस अनवाणी, धारदार दगडांवरून प्रदक्षिणा, पोटाला कोरा चहा आणि सुका पाव. डोनलनं खेळणं सोडलं तरी तिची वारी सुटली नाही.

आता ती पुढच्या खोलीत शवपेटीत होती, आणि फीनी खांदेकऱ्यांची उंची जुळवत होता. डोनल आपण होऊन पुढे झाला.

"तुझं नाव नाही, पोरा," फीनी हळूच म्हणाला. "सहाही नावं तिनंच लिहून ठेवलीत."

कागदावर, नावांखाली, आईचं अक्षर होतं: डोनलला खांदा द्यायला लावू नका. त्याचा पाय.

"पाय बरा आहे, मायकी."

"हो तर. तेहेतीस वर्षं बघतोय आम्ही."

बाहेर कुणीतरी हसलं. डोनल बहिणीकडे वळला. तिला आता सांगून टाकायचं, असं ठरवूनच वळला.

"नोरीन, माझ्या पायाला कधी—"

"तिला मोजे मी घातले," नोरीन म्हणाली. "तळवे बघायला हवे होतेस तिचे. तुझ्या पायापायी झिजले ते. तिचं एवढं तरी ऐक, डोनल."

त्यानं ऐकलं.

सहा जणांनी पेटी उचलली. त्यांत फीनीचा जावई होता, त्याला दोन पावलांत धाप लागली. डोनल रिकाम्या खांद्यानं मागे निघाला. चर्चपर्यंत चढ आहे. वळणापर्यंत तो सरळ चालला. मग नोरीननं मागे वळून पाहिलं, आणि त्यानं डावा पाय ओढायला सुरुवात केली.