धुराड्यापाशी ठेवलेला बूट

ऑल्डरकोटची हवेली पाडायला घेतली, तेव्हा ऑनर ट्रेडवेलबाई रोज सकाळी हिरवळीवर खुर्ची टाकून बसू लागल्या. गावाने ठरवून टाकलं की म्हातारीचं डोकं फिरलंय. आपलंच घर पडताना कोण असं बघत बसतं? पण घराची आशा बाईंनी कधीच सोडली होती. दगडी चौकटींच्या खिडक्या वाकल्या होत्या, छप्पर गळत होतं आणि लढाईत मुक्कामाला आलेल्या शिपायांनी जिन्याचे कठडे शेकोटीत घातले होते. बाईंना हवा होता फक्त एक बूट.

गाइल्स, त्यांचा एकुलता मुलगा, सहा वर्षांचा असताना वरच्या लांब दालनातलं धुराडं नव्याने बांधलं होतं. काम संपत आलं तसा गवंडी हटून बसला. घरातल्या पोराचा वापरलेला बूट आत ठेवल्याशिवाय भिंत बुजवायची नाही, त्याने घरची माणसं सुखरूप राहतात, म्हणाला. बाई हसल्या. गाइल्सने मात्र तिथल्या तिथे डावा बूट काढून दिला आणि दिवसभर दालनात लंगडत मिरवला. उजवा बाईंनी कपाटात जपून ठेवला. पुढे गाइल्स लढाईवर गेला त्याच आठवड्यात तो बूट कपाटातून नाहीसा झाला. बाईंना वाटलं, आवराआवरीत कुणी फेकून दिला असेल. गाइल्सही परत आला नाही. भिंतीने माणूस राखला नाही, निदान बूट तरी परत द्यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पाडकामाचा मुकादम ॲबनर पास्क तोंडाचा फटकळ.

"बाईसाहेब, इथल्या ओकच्या फळ्यांसाठी लोक माझ्या मागे लागलेत, आणि तुम्हाला हवाय जुना जोडा. तोही एकाच पायाचा."

पण धुराड्याशी आल्यावर त्याने गड्यांना घण खाली ठेवायला लावले आणि स्वतः छिन्नी हातात घेतली.

दुपारी तो खाली आला तेव्हा त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती. उलट्या धरलेल्या टोपीत बूट होते. दोन.

"दुसरा कुठून आला?" बाईंनी विचारलं.

"त्याच पोकळीत होता. बाजूची फळी सरकते, बाईसाहेब. कुणीतरी मागाहून हात घालून ठेवलाय." तो अडखळला. "दोन्हींच्या नाड्या एकमेकींना बांधल्यात."

बाईंनी गाठ पाहिली. दुहेरी, वर पुन्हा एक फास. गाइल्सला ती त्यांनीच शिकवली होती. निघताना तो किती हसला होता! रडतेस काय आई, सहलीला चाललोय समज, असं म्हणाला होता. आणि त्यांनी ते खरं मानलं होतं.

"घाबरला होता तो," बाई म्हणाल्या. "मला नाही सांगितलं. भिंतीला सांगितलं."

आजच्यापुरतं काम थांबवू का, असं पास्कने हळूच विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. बूट मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. सोडवायला म्हणून गाठीकडे नेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"पाडा," त्या म्हणाल्या. "आता आत कुणी नाही."