कार्व्हर्स फेरीची त्रेसष्ट नावं

हे गेले त्याला पाच आठवडे होत आले होते. दहन दुबईला झालं, धाकटे दीर येऊन अस्थी घेऊन गेले, आणि इशिताच्या शाळेचं सत्र संपेपर्यंत मी अबूधाबीजवळच्या रुवैसलाच राहिले. कंपनीने घर जूनअखेरपर्यंत दिलं होतं. गुरुवारचं विमान होतं. पहाटे उठत होते, अंघोळ, जप, गॅलरीतल्या रंगाच्या डब्यातल्या तुळशीला पाणी. रडायला येत नव्हतं. बायका येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या आणि चहा पिऊन जायच्या.

सोळा सोमवार मी मार्चमध्ये धरले होते, यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा. दिवसभर उपास आणि सूर्यास्ताची पूजा होईपर्यंत मौन. अकरावा सोमवार झाला आणि बुधवारी हे गेले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, आता कुणासाठी करतेस? पण जिथे धरलं त्याच देव्हाऱ्यापुढे सोळा पुरे करायचे आणि मग घर सोडायचं, एवढं एकच त्या दिवसांत मला धड कळत होतं. सोळावा सोमवार निघण्याच्या आठवड्यातच येत होता. त्यानंतर तो देव्हारा नव्हता आणि ते घरही नव्हतं.

दिवस जावा म्हणून मिस्टर कार्व्हरनी टायपिंग दिलं होतं. हे बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होते. कार्व्हर सबीन नदीकाठचे. टेक्सास आणि लुइझियाना या दोन राज्यांच्या मधून ही नदी वाहते. आपल्या गावचा इतिहास ते लिहीत होते आणि मी पानं टाइप करत होते. एकेकाळी तिथे स्पेनची हद्द कुठे संपते आणि अमेरिकेची कुठे सुरू होते यावर दोघांचं जमेना. शेवटी नदीच्या पूर्वेचा एक पट्टा कुणाचाच नाही असं ठरवून दोन्ही फौजा मागे सरल्या. पंधरा वर्षं तिथे कुणाचंच राज्य नव्हतं. पळून आलेले गुलाम, फरारी, ज्यांना कुठेच जागा नव्हती असे लोक तिथे येऊन राहिले. कार्व्हरांच्या कुणा पूर्वजाने माणसं पलीकडे नेणारी नाव सुरू केली, तिच्याभोवती वस्ती झाली, ती कार्व्हर्स फेरी.

मग साठ-सत्तर सालच्या सुमाराला धरण आलं आणि वस्ती पाण्याखाली गेली. त्रेसष्ट थडगी उचलून टेकडीवर नेली. लाकडी खुणा कुजलेल्या, म्हणून नव्या जागी नुसते आकडे घातलेले दगड लावले. आता तिथे एक मोठी शिळा बसायची होती, त्रेसष्ट नावांची, घराण्यांप्रमाणे लावलेली. नावं कार्व्हरांच्या आत्याच्या वहीत होती. नुसती नावं, वय नाही, नातं नाही. डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे त्यांना बारीक अक्षर वाचवत नव्हतं. "तूच लाव," ते म्हणाले, "तुझं काम चोख असतं."

मी लावली. नवरा, शेजारी बायको, खाली मुलं. शनिवारी कार्व्हरनी यादी ऑफिसातून फॅक्सने पाठवली. रविवारी कार्व्हर अबूधाबीला हॉटेलवर गेले. सोमवारी दुपारी त्यांचं विमान होतं, आणि त्याच दिवशी तिकडे शिळेवर अक्षरं कोरायला घेणार होते.

सोमवारी सकाळी इशिता टोस्ट खाताखाता यादीची प्रत बघत होती. चौदा वर्षांची आहे. एका जोडप्यावर तिने बोट ठेवलं.

"आई, हू टोल्ड यू शी वॉज हिज वाइफ?"

मी बोटाने मधलं नाव दाखवलं. ॲडा एलिस कार्व्हर. म्हणजे एलिस कार्व्हरची ॲडा. यादीत एलिस कार्व्हर होताच.

"दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स. देअर मिडल नेम कॅन बी एनिथिंग. माय क्लासमेट मेगन्स इज होप." खाली बसचा हॉर्न वाजला. ती दप्तर घेऊन गेली, दुपारी दोनला यायची.

मी यादी घेऊन बसले. आपल्याकडे मधलं नाव बापाचं नाहीतर नवऱ्याचं, दुसरं काय असणार, हा विचारच मला शिवला नव्हता. अकरा ठिकाणी मी लोकांची लग्नं लावली होती. मुलं भलत्याच बापांना दिली होती. कार्व्हर अकराला हॉटेल सोडणार होते आणि कोरणाऱ्याचा नंबर त्यांच्याजवळच होता. साडेनऊ झाले होते.

तेवढ्यात शेजारच्या मैमुनाबी मेथी घेऊन आल्या. माझे सोमवार त्यांना ठाऊक. "तुम्हारा मुँह बंद का दिन है ना? अच्छा है, मैं ही बोलती हूँ," म्हणून त्या सुनेबद्दल पाऊण तास बोलल्या. एकदा वाटलं, कागदावर लिहून मैमुनाबींनाच फोन करायला सांगावं. पण त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्या गेल्या. मी देव्हाऱ्यापुढे उभी राहिले. कॅलेंडरवर पंधरा सोमवारांवर लाल फुल्या होत्या. शेवटचा चौकोन तेवढा मोकळा होता.

सव्वादहाला मी हॉटेलचा नंबर फिरवला आणि खोलीचा आकडा सांगितला.

कार्व्हर फोनवर आले. मी म्हटलं, यादी चुकली आहे, दगडाला हात लावू देऊ नका. त्यांनी विचारलं, कशी चुकली? मी सांगायला लागले, पण त्यांना समजेना. मधलं नाव म्हणजे नवरा, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी म्हटलं, "माझंच घ्या. मी विभावरी अनिल केळुसकर. अनिल माझे मिस्टर."

सोळा वर्षांच्या संसारात मी यांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं.

मग कार्व्हर म्हणाले, "ॲडा माझी आजी. एलिस तिच्या माहेरचं आडनाव. तेच तिने थोरल्या मुलाला ठेवलं. चार वर्षांचा असताना तो नदीत गेला."

मी आईला मुलाची बायको करून ठेवली होती. मी अकराही ओळी वाचून दाखवल्या. कोण कुणाचं ते कार्व्हर सांगत गेले, मी लिहून घेत गेले, मग सगळं त्यांना परत वाचून दाखवलं. तिकडे अजून रात्र होती. कोरणाऱ्याला घरी उठवतो, म्हणाले. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "आज सोमवार ना? अनिल सांगायचा, सोमवारी तू बोलत नाहीस."

"हो," मी म्हटलं.

विमानतळावरून त्यांचा पुन्हा फोन आला. काम थांबवलं होतं. आजी आजोबांशेजारी, मुलगा दोघांच्या खाली.

संध्याकाळी मी नेहमीसारखी पूजा केली. इशिता लाल पेन घेऊन कॅलेंडरशी उभी होती.

"सिक्स्टीन डन?"

"पंधरा," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. कॅलेंडर काढून गुंडाळलं, बॅगेत यांच्या शर्टांवर ठेवलं. ती आत गेल्यावर देव्हाऱ्यापुढे मी यांचं नाव आणखी एकदा घेतलं, हळू. एकदा घेतलंच होतं. काही वाटलं नाही, रडायलाही आलं नाही. गॅसवर दूध होतं, ते उतू जाईल म्हणून उठले.